वाटखर्ची

 

आज बचतीवर बोलायचं आहे, पण नेहमीसारखं नाही. तेल जपून वापरा, दिवे मालवा, लग्नात मानपानावर उधळू नका, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलंय आणि मी सांगायच्या आधीपासून करताय. मला बोलायचंय ते एका कोऱ्या रकान्याबद्दल. आपल्या गटाच्या वह्या मी बरीच वर्षं लिहिते. अधूनमधून बायकांना घरखर्च लिहून आणायला सांगते. किराणा लिहिलेला असतो, दवाखाना असतो, शाळेचा खर्च असतो, मोबाईलचा रिचार्ज असतो. गाडीभाडं नसतं. विचारलं की म्हणतात, "ते काय लिहायचं ताई, दहा-वीस रुपये तर असतात."

या दहा-वीस रुपयांना मोठा इतिहास आहे. तो आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही, म्हणून आज सांगते.

जुन्या काळी माणूस लांबच्या वाटेला लागला की दोन गोष्टी बरोबर घ्यायचा. एक शिदोरी आणि दुसरी वाटखर्ची. शिदोरी फडक्यात आणि वाटखर्ची कनवटीला. यातली शिदोरी बांधायची बाईनं, आणि वाटखर्ची असायची बाप्याजवळ. बाई स्वतः निघाली तर बहुधा पायीच. माहेराला पायी, बाजाराला पायी, बाळंतपणाला गेली तर फार तर बैलगाडी. माझी आजी अंडी आणि तुपाची लोटी घेऊन दोन कोसांवरच्या बाजाराला चालत जायची. तिला कुणी विचारलं असतं की तुला बाजाराला जायला काय खर्च येतो, तर ती म्हणाली असती, काही नाही.

पण पायी चालणं फुकट नसतं. नीट बघा. दोन कोस म्हणजे पाच-सहा किलोमीटर. उन्हातून पोचेस्तोवर चांगली जागा गेलेली. अंधाराच्या आत घरी यायचं म्हणून दुपार कलली की मिळेल त्या भावात माल देऊन मोकळं व्हायचं. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. बाईचे पाय परतीच्या वाटेकडं वळले की तो भाव पाडतो. आणि जिला एवढंही चालवत नव्हतं, ती दारावर आलेल्या माणसाला विकायची, म्हणजे त्याहून कमी भावात. वाटखर्ची खिशातून जात नव्हती, ती मालाच्या भावातून जात होती. वहीत लिहायला जागाच नव्हती तिला.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली आणि पुढच्या सात वर्षांत रूळ सोलापुरापर्यंत आले. आपले लोक धर्म बुडेल म्हणून गाडीत बसणार नाहीत, अशी शंका तेव्हा बऱ्याच साहेबांना होती. लोक बसले, आणि असे बसले की डब्यात पाय ठेवायला जागा उरेना. सगळ्यात स्वस्त तो तिसऱ्या वर्गाचा डबा. बाकं लाकडी, पाण्याची सोय जेमतेम, गर्दी मेंढरांच्या कळपासारखी. तरी उतारूंकडून रेल्वेला जो पैसा मिळे त्यातला मोठा वाटा याच गरिबांच्या डब्याचा असे. गांधीजींनी १९१७ मध्ये या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली. हा वर्ग नावानं बंद झाला तो थेट १९७४ मध्ये.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्याची गोष्ट. मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी शहर वीसेक मैल बाजूला राहिलं. तेव्हा कुर्डुवाडीला बार्शी रोड म्हणत, म्हणजे रोड तिथं आणि बार्शी लांब! मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं स्वस्तातली गाडी काढली. रूळ अरुंद, दोन रुळांमध्ये अडीच फूट अंतर. अरुंद रुळाला जमीन कमी लागते, पूल लहान लागतो, इंजिन हलकं चालतं. १८९७ मध्ये ती बार्शीला आली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला गेली. हीच आपली बार्शी लाईट. तिच्या धिमेपणावर लोकांनी केलेल्या थट्टा अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. चालत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून, परत त्याच गाडीत चढता येतं म्हणायचे.

थट्टा राहू द्या. ज्या बाईला पंढरपूर म्हणजे चार दिवसांची चाल होती तिच्यासाठी या गाडीचा हिशोब मोठा होता. आपण वारी पायी करतो ती नेमानं, पैसे वाचवायला नव्हे. पण देवदर्शन झालं की पाय घराकडं ओढ घेतात, पाठीमागं गुरं असतात, भांगलणीचा हंगाम असतो. जाताना पायी आणि येताना गाडीनं, ही वहिवाट कायमची बसली. वाचलेला प्रत्येक दिवस म्हणजे एक रोजगार. तिकीट त्याहून स्वस्त असेल तर गाडी परवडली, महाग असेल तर पाय परवडले. हे गणित लिहिता न येणाऱ्या बायकांनाही चांगलं येत होतं.

रेल्वे मात्र गावोगाव जात नव्हती. स्टेशनापासून आत, वाड्या-वस्त्यांकडं जायला खाजगी सर्व्हिस मोटारी असत. भरली की सुटायची, नाही भरली तर नाही सुटायची. भाडं माणूस बघून. कुठं गाडी बंद पडली तर उतारूंनीच ढकलायची.

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सरकारी मोटार सुटली. ती पहिली एसटी. एसटीचा वाढदिवस अजून १ जूनलाच करतात. तिनं बाईच्या संसारात काय बदल केला असेल तर माझ्या मते सगळ्यात मोठा हा, की तिकीट ठरलेलं होतं. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि जितके टप्पे तितके पैसे. पाटलाला तेवढंच आणि मजूर बाईला तेवढंच. भाव करायला नको, हात जोडायला नको, "बाईमाणूस एकटीच आहे" म्हणून कुणी जास्त मागायला नको. तिकीट आधीच ठाऊक असलं की बाई घरातून निघतानाच मोजून पैसे बांधते, आणि मोजता आलं की वाचवताही येतं. वाट पाहीन पण एसटीनंच जाईन, असं लोक उगीच म्हणत नव्हते.

एसटीनं आणखी एक बचत करून दिली, तिची कुणी नोंद ठेवली नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याला शिकायला ठेवलेल्या पोराचा जेवणाचा डबा. पहाटे आईनं भाकरी-कालवण करायचं, पितळी डबा फडक्यात बांधायचा, त्यावर पोराचं नाव टाकायचं आणि पहिल्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचा. पोरगं स्टँडवर जाऊन घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा परत. खानावळीचे पैसे द्यायची ऐपत नसलेल्या किती घरांतली मुलं या डब्यांवर मास्तर झाली, फौजदार झाली, ते आजूबाजूला विचारलंत तर कळेल. पुढं गावातून शाळेला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा मोफत पास मिळू लागला. पोरीच्या गाडीभाड्यासाठी घरात रोज हात पसरावा लागतो तिथं पोरीची शाळा सगळ्यात आधी सुटते. तो रोजचा प्रश्न या पासानं मिटवला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाडी दारात आली तशी आपली सवयही बदलली. जे पूर्वी गावातल्या दुकानात मिळायचं ते आणायला आपण तालुक्याला जाऊ लागलो. तिथं साखर किलोमागं दोन रुपयांनी स्वस्त म्हणून पाच किलो आणली, वाचले दहा रुपये. जाण्यायेण्याचं भाडं त्याच्या कितीतरी पट. वर चहा, वडापाव, लेकराला फुगा. आणि मग "एवढं भाडं घालून आलोय" म्हणून गरज नसलेलं एखादं पातेलं. भाडं वसूल करण्यासाठी खर्च करणं ही आपल्या सगळ्यांची खोड आहे, बायकांची तेवढी आणि पुरुषांची तर जास्तच.

पण मुळात वाचलेला पैसा ठेवायचा कुठं? उतरंडीच्या तळच्या मडक्यात, धान्याच्या कणगीत, पदराच्या गाठीला. टपाल खात्याची बचत बँक देशभर १८८२ पासून आहे. चांगली सोय होती ती. पण पोस्ट बाजारच्या गावी आणि आपण वाडीवर. पाच रुपये ठेवायला जायचं तर तीन रुपये भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली. असल्या बचतीला आपण काय म्हणणार?

हे दुखणं ज्यांनी नीट ओळखलं त्या बायकाच होत्या. अहमदाबादला इला भट्ट यांनी हातगाडी ओढणाऱ्या, डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांची सेवा ही संघटना १९७२ मध्ये उभी केली. या बायकांना कर्ज लागायचं, बचतही करायची होती, पण बँकेची वेळ म्हणजे नेमकी त्यांच्या धंद्याची वेळ. टोपली सोडून बँकेत जावं तर दिवसाची कमाई जाते, आणि तिथं गेल्यावर मळक्या लुगड्याकडं बघून बाहेर उभं करतात. म्हणून १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून आपलीच बँक काढली. सही येत नव्हती तर पासबुकाला फोटो लावला. आणि पैसे गोळा करायला बँकेची माणसं बाजारात, वस्तीत जाऊ लागली. बायकांनी बँकेकडं जायचं सोडून बँक बायकांकडं आली.

आपल्या शेजारच्या माणदेशात, म्हसवडला, तेच घडलं. दुष्काळी मुलूख. शेतावर, रोजगारावर जाणाऱ्या बायकांना रोजचे थोडे थोडे रुपये ठेवायचे होते, आणि एवढ्याशा रकमेसाठी खातं उघडून घ्यायला कुणी तयार नव्हतं. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका घरी येऊन रडत बसल्या नाहीत. लिहायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. आम्हाला व्याजाचा हिशोब घाला, आम्ही तोंडी सांगतो, साहेबांनीही यंत्राशिवाय करून दाखवावा, अशा बोलीवर त्या साहेबांपुढं बसल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिथंही बायकांनी पहिल्याच फेरीत सांगितलं की आम्हाला कामाचा दिवस मोडून बँकेत यायला परवडत नाही, तुम्ही या. मग बँकेच्या बायका आठवडी बाजारात आणि दारोदारी पैसे घ्यायला जाऊ लागल्या.

आणि आपला बचत गट? १९९२ मध्ये नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडून बघायचं ठरवलं, तिथून हे आजचं जाळं पसरलं. गटाचे फायदे सांगताना सगळे कर्जाबद्दल बोलतात, एकीबद्दल बोलतात. मला त्यातली साधी गोष्ट मोठी वाटते. दहा ते वीस बायका देवळाच्या ओट्यावर बसतात, आणि पैसे भरायला त्यातली दोघींनीच तालुक्याला जायचं. वीस जणींचं भाडं दोघींवर आलं. ज्या गटात आजही पदाधिकारी बँकेच्या फेऱ्यांचं भाडं आपल्या पदरचं घालतात त्यांना माझं सांगणं आहे, ते गटाच्या खर्चात लिहा. अध्यक्षबाईंचं मन मोठं आहे म्हणून वही खोटी ठेवायची नाही.

गाडी आणि बँक यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट आहे, तिला ना डिझेल लागतं ना तिकीट. तिच्यासाठी तुम्हाला लांब तमिळनाडूत नेते, पुदुकोट्टई जिल्ह्यात. कोरडवाहू, गरीब जिल्हा. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची मोहीम निघाली आणि तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकवायचं मनावर घेतलं. शेतमजूर बायका, दगडखाणीत खडी फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या बाई, नर्सबाई, सगळ्या शिकायला लागल्या. आधी पुरुष हसले, शेरे मारले. काही दिवसांनी हजारो बायका रस्त्यावर सायकली चालवू लागल्या, तेव्हा हसायला कुणी उरलं नाही. लेडीज सायकली दुकानात पुरेनात, म्हणून बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि त्यात एक फायदा निघाला. पुढच्या आडव्या दांडीवर लेकरू बसतं! मागं घागर किंवा भाजीची पाटी, पुढं लेकरू, आणि मधे बाई. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं स्वतः बघून लिहून ठेवलं आहे.

त्यांच्या पैशात काय फरक पडला ते बघा. पूर्वी एसटीसारख्या बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जायचा, माल एकाच गावी विकावा लागायचा, आणि घरी परतायची घाई. सायकल आल्यावर एका दिवसात दोन-तीन गावं होऊ लागली. विकायला जास्त वेळ मिळाला, म्हणजे पडेल भावात द्यायची गरज कमी झाली. माझ्या आजीचं दुपार कलण्याचं गणित आठवा, तेच इथं उलटं फिरलं.

आपल्याकडंही मानव विकासच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी सुरू झाल्या. चांगलं झालं. पण त्या सायकली बारावीनंतर कुठं जातात ते जरा घराघरात बघा. पोरगी लग्न होऊन गेली की सायकल भावाची, नाहीतर भिंतीला टेकलेली. सासूनं, सुनेनं ती का चालवू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत गाड्या नीट सुरू झाल्या नव्हत्या. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्याला आपण नावं ठेवणार नाही. पण त्या पाच-सहा महिन्यांत आपल्याला एसटीची किंमत कळली. वडाप होतं, पण वडापवाल्यानं भाडं वाढवलं, आणि माणसं कोंबायची ती कोंबलीच. कित्येक मुलींची शाळा तुटक तुटक झाली. मोफत पास हातात आणि गाडी नाही! ज्या बायकांनी "दहा-वीस रुपये काय लिहायचे" म्हटलं होतं, त्यांना त्या हिवाळ्यात भाड्याचा रकाना पहिल्यांदा दिसला.

मग १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या सगळ्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना फुकट प्रवास झाला होता. उरलेलं अर्धं सरकार महामंडळाला देतं. हाफ तिकीट म्हटलं की आधी लेकरू आठवायचं, आता साठीची बाई ठसक्यात म्हणते, "एक हाफ द्या." एक लक्षात असू द्या, ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. विजापूरला निघालात तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण. २०२५ च्या जानेवारीत तिकिटं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढली, म्हणजे आपलं अर्धंही त्या हिशोबानं वाढलं.

या हाफ तिकिटाचं पुढं काय होतं ते सांगते, कारण माझं आजचं खरं बोलणं तेवढंच आहे. समजा तालुक्याचं पूर्ण तिकीट चाळीस रुपये आहे. तुम्हाला वीस पडतं. जाऊन येऊन चाळीस रुपये वाचले. आठवड्याला एक बाजार धरला तर महिन्याला एकशे साठ. आपल्यातल्या बहुतेक गटांची महिन्याची बचत शंभर रुपये आहे. म्हणजे गटात भरतो त्याहून जास्त पैसे आपण नुसतं एसटीच्या पायरीवर वाचवतो. वर्षाचे बावन्न बाजार, दोन हजार ऐंशी रुपये. कुणाजवळ आहेत?

मी विचारलं. उत्तरं तीन प्रकारची आली. एक, घरधनी बाजाराला पैसे देतानाच कापून देतात, "तुला तर हाफ लागतं." दोन, वाचले ते स्टँडवरच संपले. तीन, आणि हे जास्त आहे, की गाडी वेळेवर येत नाही म्हणून वडापनं जावं लागतं, आणि वडापात हाफ नसतं. तिसऱ्यावर उपाय एकटीनं होणारा नाही. गाडी कोणत्या वाराला चुकते ते महिनाभर लिहून ठेवायचं, आणि ग्रामसभेच्या ठरावासोबत तो कागद आगारात द्यायचा. नुसतं "गाडी येत नाही" म्हणणाऱ्याला साहेब बसा म्हणतात. तारखा लिहिलेला कागद दिसला की फाईल उघडते.

पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. बाजाराचे पैसे मागताना पूर्ण तिकिटाचा हिशोब सांगायचा की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात ठरवावं, मी रेडिओवरून सांगणार नाही! पण फेऱ्या कमी करता येतात. पासबुक भरणं, दवाखाना, खत, पोराचा दाखला, ही कामं एका दिवशी धरली तर चार फेऱ्यांची एक होते. लाडक्या बहिणीचा हप्ता आला का, हे बघायला तीन-तीनदा बँकेत जाणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्यासाठी बँक सखी आहे, २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक आहे, पोस्टमन दारात अंगठा घेऊन पैसे देतो. मिरची-मसाल्याच्या दिवसांत दहा घरांनी मिळून एक टेम्पो केला तर पोत्याचं भाडं वाटून जातं आणि व्यापारीही घाऊक भाव लावतो. मीठ, काडेपेटी, साबण यांसाठी तालुका गाठायचा नाही. गावातल्या दुकानात दोन रुपये जास्त गेले तरी ते दुकान टिकतं, आणि अडीअडचणीला उधारही तेच देतं.

आमच्या गटानं गेल्या पावसाळ्यापासून एक केलं. प्रत्येकीनं घरी चहापत्तीचा रिकामा डबा ठेवला. बाजारातून आलं की चप्पल काढायच्या आधी, जेवढं तिकीट पडलं तेवढेच पैसे त्यात टाकायचे. वीसचं हाफ असेल तर वीस. येतानाचेही वीस. तिकीटही त्यातच टाकायचं, म्हणजे हिशोब जुळतो. महिन्याच्या बैठकीला डबे घेऊन यायचे. जमेल ते गटाच्या वहीत जादा बचत म्हणून त्या बाईच्या नावावर लिहायचं, कारण चुलीजवळचा डबा कुणाच्याही हाताला लागतो, वही लागत नाही.

परवाच्या बैठकीत डबे उघडले. एकीच्या डब्यात एकशे वीस निघाले, एकीच्या साठ. दोघी तर तो महिना बाजारालाच गेल्या नव्हत्या, त्यांचं सगळंच वाचलं होतं, पण डबा रिकामा. ते कसं धरायचं यावर अर्धा तास वाद झाला. आणि एकीच्या डब्यात नुसती तिकिटं होती, आठच्या आठ, नीट घडी घातलेली. पैसे पोराच्या वह्यांना गेले, म्हणाली, ते लिहायचं का? लिहायचं म्हटलं. भाड्याच्या रकान्यात तिकिटं लिहिली, आणि शेजारी वह्या.